सावली कुठी हाये?

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका तालुक्याच्या गावी लग्नाला गेले होते. गावाचं नाव सांगत नाही, कारण तसंच गाव तुमच्याही शेजारी असेल. लग्न सायंकाळचं. मांडवात पंख्यांपेक्षा माणसं जास्त. म्हणून आम्ही चारपाच जणी उठलो आणि जवळच नवी बाग झालीय म्हणे, ती बघायला गेलो. सोबत माझ्या मामेसासूबाई होत्या. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखतात, पण नवीन काही बघायचं म्हटलं की पहिल्या त्यांच्याच चपला पायात.

बाग छान रंगवलेली होती. फाटकाशी सिमेंटचा जिराफ, आत फायबरची मशरूमं, त्यावर लाल ठिपके. मधोमध कारंजं होतं, ते बंद. चोहीकडे हिरवळ, तिच्यात पाटी, ‘गवतावर चालू नये’. बसायला सिमेंटची बाकं होती. पाच वाजून गेले होते तरी त्यांच्यावर हात ठेववत नव्हता, इतकी तापलेली. बाहेरच्या चहावाल्यानं सांगितलं, कारंज्याच्या जागी आधी दोन मोठे निंब होते. नकाशात बसत नव्हते.

मामेसासूबाईंनी एक चक्कर मारली, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, “एवढ्या बागीत सावली कुठी हाये व माय?”

आम्ही हसलो आणि मांडवात परत आलो. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

आपल्या सावदा-फैजपूर-रावेर भागात ‘बाग’ म्हटलं की आधी केळी डोळ्यांसमोर येते. “ती बागेत गेलीय” म्हणजे निंदायला गेलीय, फिरायला नाही. सावदा स्टेशनातून केळीच्या गाड्या उत्तरेत जात आल्या, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा बागायती मुलखात बाईनं पाय पसरून बसावं, काही काम न करता दोन घटका गार वाऱ्यात गप्पा माराव्यात, अशी बाग मात्र शोधावी लागते. बाईनं घराबाहेर पडायचं तर निमित्त लागतं. देवळात जाते, बाजारात जाते, दवाखान्यात जाते, मुलाला क्लासला सोडते. ‘नुसती बसायला जाते’ असं सांगून किती जणी निघतात? म्हणून सार्वजनिक बाग ही आपल्यासाठी शोभेची गोष्ट नाही. लहान गावातल्या बाईला विनानिमित्त बसता येईल अशी तीच एक जागा होऊ शकते.

आता नगरपालिका लहान असो की मोठी, बागेसाठी पैसे येतात, ठराव होतो, कुणीतरी मोबाइलवरून चार फोटो दाखवतं आणि त्यातलाच एक फोटो गावात उभा राहतो. आपल्या राज्यात ही सवय जुनीच. पैठणचं ज्ञानेश्वर उद्यान म्हैसूरच्या वृंदावन गार्डनवरून बेतलेलं. धरणाच्या काठी, पाण्याच्या जिवावर ते शोभतंही. पण प्रत्येक गावाशेजारी नाथसागर नाही. यावल-रावेर तालुक्यांत केळीनं जमिनीतल्या पाण्याचा किती उपसा केलाय, हे विहिरी-बोअरची खोली सांगणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. जिथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तिथे वर्षभर विलायती हिरवळ पाजत बसायचं आणि तिच्यावर पायही ठेवायचा नाही, हा कुठला हिशोब?

मग गावाचा वारसा बागेत आणायचा म्हणजे काय करायचं? बहुतेक वेळा उत्तर येतं, पुतळा. नाहीतर फाटकावर सिमेंटचा केळीचा घड. पुतळ्याला माझा विरोध नाही. पण आपल्या बहिणाबाईंचंच बघा. १८८० मध्ये आसोद्याला जन्मलेली ही बाई अक्षर शिकली नव्हती. घरकाम करता करता, शेतात राबता राबता तिला गाणी सुचली, ती घरच्या मुलांनी कागदावर उतरवली म्हणून १९५२ मध्ये, ती गेल्यानंतर, पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. तिच्या नावाच्या बागेत पितळी जातं मांडून ठेवलं, पण जात्यावर बसणारीच्या वयाच्या बाईला टेकायला जागा नाही, तर त्याला काय म्हणायचं?

सावद्याचा इतिहास लहान नाही. १७६३ मध्ये हे गाव निजामाकडून पेशव्यांकडे आलं आणि पुढे सरदार रास्त्यांना मिळालं. हे रास्ते म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाईंचं माहेर. इंग्रजी अमलात सावदा हे तालुक्याचं ठिकाण होतं. १८५२ मध्ये सरकारनं जमिनीची नवी मोजणी काढली, तेव्हा सारा वाढणार या धास्तीनं इथे दहा ते पंधरा हजार माणसं जमली होती, आणि पलटण येऊन पुढारी पकडले जाईपर्यंत हटली नव्हती, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे. सत्तावनच्या पाच वर्षं आधीची ही गोष्ट. आपल्यापैकी किती जणींनी ती शाळेत ऐकली? मी तरी नाही. बागेच्या एका भिंतीवर ही हकिकत साध्या मराठीत, शुद्ध लिहून लावली तर कारंज्यापेक्षा स्वस्त पडेल.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो फैजपूरचा दाखला. सावद्यापासून हाकेच्या अंतरावर. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदा खेड्यात भरलं ते फैजपूरला. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. अधिवेशन खेड्यात घ्या, हा गांधीजींचा आग्रह. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी आणि इथले असंख्य कार्यकर्ते त्यासाठी राबले. शेतजमिनीवर ‘टिळकनगर’ नावाची तात्पुरती वसाहत उभी राहिली. आणि ती सजवायला गांधीजींनी बोलावलं ते शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांना.

नंदलालबाबू बंगालचे, केवढे मोठे चित्रकार. त्यांनी मनात आणलं असतं तर कलकत्त्याहून काहीही मागवलं असतं. पण गांधीजींचं सांगणं साधं होतं, जे खेड्यात मिळतं त्यातूनच करा. मग बांबू आले, तट्टे आले, गवत आलं. खेड्यातल्या कारागिरांनी आपल्या हातांनी फाटकं आणि मंडप उभे केले. अध्यक्षांची मिरवणूक मोटारीतून नाही, बैलजोड्यांनी ओढलेल्या सजवलेल्या रथातून निघाली. आज त्या वसाहतीतली काडीही उरलेली नाही, ती उरावी म्हणून बांधलीच नव्हती. पण रीत तर शिल्लक आहे ना? बाहेरचा जाणता माणूस बोलवा, खुशाल बोलवा. नंदलालबाबूही बाहेरचेच. फक्त त्यानं पिशवीतून तयार नकाशा काढायच्या आधी गावात हिंडून बघावं, इथे काय आहे.

काय आहे इथे? निंब आहे. चिंच, वड, पिंपळ, उंबर, बोर, कवठ, बेल आहे. सातपुड्याकडे अंजन, पळस, मोह आहे. वैशाखात सगळं करपलेलं असताना पिवळा झुलणारा बहावा आहे. ही झाडं इथल्या उन्हाला सरावलेली, पहिली दोनतीन वर्षं जीव लावला की पुढे फार मागत नाहीत. खताला केळीची खोडं आहेत, ती तुकडे करून कुजवली की झालं. जुन्या धाब्याच्या घरांपुढचे दगडी ओटे अजून कुठेकुठे शाबूत आहेत. त्यांची उंची बघा, म्हातारीला बसता येतं, पोराला चढता येतं आणि भाजीची टोपली उतरवून ठेवता येते. एवढं शहाणपण बाजारात मिळणाऱ्या बाकड्यांत नाही. आणि खिरोद्याला सप्तपुट ललित कला भवन आहे. भिंती रंगवायला, फरशीत चित्रं बसवायला शिकणारी मुलंमुली आपल्या दारात असताना फायबरचं मशरूम विकत का आणायचं?

आणि आपली आखाजी आहे. यावर मी जरा रेंगाळणार, कारण माझ्या मते खानदेशातल्या बागेचा नकाशा आखाजीपासूनच काढायला हवा.

अक्षय्यतृतीया सगळीकडे असते, आखाजी आपली. सासरी नांदणारी लेक वैशाखाच्या उन्हात माहेरी येते. गौराई बसते, घागर भरली जाते, सांजोऱ्या होतात, खापरावर पुरणपोळ्या पडतात, आमरस होतो. पुरुष पत्त्यांचे डाव मांडून बसतात (त्याबद्दल बोलायचं तर वेगळा लेख लागेल). आणि बायका-मुली झोक्यावर. दाव्यांचे झोके निंबाच्या फांदीला बांधायचे आणि गाणी म्हणत उंच उंच जायचं. माझ्या माहेरी घराच्या मागे असा निंब होता. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मी त्यावर बसले तेव्हा आई खालून ओरडत होती, “पुरे आता, पडशील.” मला आठवतं ते एवढंच, की वर गेलं की शेजारच्या धाब्यापलीकडचं शेत दिसायचं आणि वर्षभर डोक्यावर घट्ट धरलेला पदर वाऱ्यावर सुटायचा.

तो निंब आता नाही. घरं वाढली, वाटण्या झाल्या, मागची जागा बांधकामात गेली. तुमच्याकडेही हेच झालं असेल. आखाजी होते, सांजोऱ्याही होतात, पण झोका? कुणी गच्चीत लोखंडी अँगलला साडी बांधतं, कुणी तेही नाही. मग गावाच्या बागेत आखाजीसाठी निंब का असू नयेत? पाच, सात, अकरा. आज लावले तर झोका पेलायला पंधरा-वीस वर्षं लागतील, हे कबूल. पण जागेवर आधीच असलेला एक जुना निंब वाचवला तर झोका येत्या आखाजीलाच बांधता येईल. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, त्यांना फेर धरायला पक्की, गोल, सावलीतली जागा लागते. ती त्याच झाडाखाली. रोज सायंकाळी तिथेच म्हाताऱ्या बसतील. मोहल्ल्यातल्या बायका मुलांना घेऊन येतील, ज्यांच्या घरी आखाजी नाही त्यांनाही झोका आणि सावली तेवढीच गोड. एका झाडाखाली एवढं सगळं मावतं, आणि आपण कारंजं शोधत फिरतो.

जुनं झाड वाचवायला आता कायदाही हाताशी आहे. शहरी भागात झाड तोडायला परवानगी लागते, हे १९७५ पासूनच्या कायद्यात आहे. २०२१ मध्ये त्यात बदल होऊन पन्नास वर्षं आणि त्याहून जुन्या झाडाला ‘हेरिटेज ट्री’, म्हणजे वारशाचं झाड, असा दर्जा आला. म्हणजे आजेसासूनं पाणी घातलेला निंब हा कागदोपत्रीसुद्धा वारसा आहे. कारंज्यासाठी तो पाडायचा ठराव येईल तेव्हा हे वाक्य लक्षात ठेवा.

मुंबईच्या बायकांनी हे करून दाखवलंय. १८६२ मध्ये सुरू झालेली भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आताचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, आपल्यातल्या अनेकींनी शाळेच्या सहलीत हत्ती-माकडं बघण्यासाठी पाहिलेली असते. खरी दौलत तिथली जुनी झाडं. २००० नंतरच्या दशकात तिथे परदेशी धर्तीचं भव्य प्राणिसंग्रहालय करायचा मोठा आराखडा आला. तेव्हा रोज तिथे फिरायला येणाऱ्या, झाडं नावानं ओळखणाऱ्या काही बायका पुढे झाल्या. कुणी मोठ्या पुढारी नव्हत्या. त्यांनी झाडांची माहिती गोळा केली, अर्ज केले, वारसा समितीपुढे म्हणणं मांडलं, लोकांना बागेत नेऊन झाडं दाखवली, पुढे बागेवर पुस्तकही काढलं. पेंग्विन आले ते आलेच, पण पहिला आराखडा जसाच्या तसा पुढे जाऊ शकला नाही.

आता बागेत बायका का टिकत नाहीत, तेही बघू. ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात १९९६-९७ च्या सुमारास पाहणी झाली, तेव्हा दिसलं की नऊ-दहा वर्षांची झाली की मुलगी बागेत दिसेनाशी होते, मुलगा मात्र येतच राहतो. मुलींना खेळायचं नव्हतं असं नाही. एकच मोठं मैदान, ते मोठ्या मुलांनी व्यापलेलं, आत-बाहेर जायला एकच दार. १९९९ पासून त्यांनी दोन बागांची मांडणी बदलली. मैदानाचे भाग केले, वाटा वाढवल्या, मुलींना आवडणाऱ्या खेळांना जागा दिली, आणि मुली परत आल्या. हे वाचलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. आपल्याकडे तर नऊ-दहाव्या वर्षी ‘आता मोठी झालीस’ हे घरूनच सांगतात, बागेला दोष द्यायची वेळही येत नाही.

तेव्हा वारसा, झाडं, भिंतीवरची चित्रं हे सगळं खरं, पण काही रुक्ष गोष्टी आधी मागून घ्या. स्वच्छतागृह, कडी असलेलं, पाणी असलेलं आणि रोज धुतलं जाणारं. ते नसेल तर बाई अर्ध्या तासात घरी. पिण्याच्या पाण्याचा नळ. दोन दारं. कुंपण असं, की आतलं बाहेरून दिसावं, उंच भिंत नको. ओटे समोरासमोर असावेत, कारण आपण गप्पा मारायला बसतो, रस्ता बघायला नाही. दिवे झाडांच्या उंचीवर नकोत, वाटेवर उजेड पडेल असे खाली हवेत. वेळ उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत, कारण आपल्याकडे बाईचं काम नऊला संपतं आणि हवाही तेव्हाच गार होते. आणि किल्ली कुणाकडे, हे पहिल्या दिवशी ठरावं. किल्ली हरवली म्हणून महिनोन् महिने बंद असलेल्या बागा मी पाहिल्यात.

माझी मुलगी हे वाचून म्हणाली, “आई, सेल्फी पॉइंट पण पाहिजे.” असू दे बाई. बहाव्याखाली काढ सेल्फी. निंबाचा पाचोळा पडतो, पाखरं घाण करतात, वडाची मुळं फरशी उचलतात, अशाही तक्रारी होतील, आणि त्या खोट्या नाहीत. झाडायला माणूस लागेल, त्याच्या पगाराची तरतूद लागेल. पण बंद कारंज्याच्या मोटारीवरही खर्च होतोच.

हे सगळं मागायचं कुठे? २०११ पासून आपल्या राज्यात नगरपालिकेच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. निवडून आलेल्या त्या आपल्याच गल्लीतल्या आहेत, हळदीकुंकवाला भेटतात. काही ठिकाणी सभेत त्यांच्या मागे त्यांचे यजमान बोलतात, ते माहीत आहे. म्हणूनच त्यांना एकटीला जाऊ देऊ नका, दहा जणी बरोबर जा. गावाचा विकास आराखडा जाहीर होतो तेव्हा हरकती-सूचना द्यायला मुदत असते. बागेचं आरक्षण कुठे आहे, त्यावर आज काय उभं आहे, हे बघण्याचा हक्क तुमचाही आहे. बागेचं काम निघालं, तर निविदा निघायच्या आधी नकाशा चौकात लावा, एवढंच मागणं घेऊन जा. आणि इंजिनिअरसाहेबांना त्या जागेवर एप्रिलात दुपारी चारला बोलवा. डिसेंबरच्या सकाळी नको. गावातल्या चार म्हाताऱ्या सोबत घ्या. त्या जिथे आपोआप जाऊन उभ्या राहतील, तिथे फक्कीनं खूण करा. ओटे तिथेच बांधायचे.

लेख लिहून झाल्यावर मामेसासूबाईंना फोनवर थोडा वाचून दाखवला. निंबाचं त्यांना पटलं. मग म्हणाल्या, “झोक्याची फांदी रस्त्याच्या अंगाची नको सांगजो. आतल्या अंगाची पाह्यजे. बाईले मोठा झोका घेता आला पाह्यजे ना.”